तेराशेची बाई

नवऱ्याच्या, म्हणजे संग्रामच्या, मनगटावरची पट्टी कुणीतरी बाई वापरते आहे, हे वैजूला सगळ्यात आधी सांगितलं ते यंत्रानं. एखाद्या शेजारणीनं सांगितलं असतं तर वैजूनं तिची जीभच हासडली असती. पण यंत्राशी भांडायचं कसं? त्याला ना तोंड ना लाज.

ही गोष्ट फार पुढच्या काळातली नाही. कराड तेव्हाही कराडच होतं आणि वैजू तेव्हाही बाजारातल्या आपल्या चार फुटी गाळ्यात बसून मंगळसूत्रं ओवून देत होती. पटवेकऱ्याचं काम ते. सोनं सराफाचं, गळा गिऱ्हाइकाचा, मधली गाठ तेवढी आपली, असं तिचे वडील म्हणायचे. त्यांनीच तिला घराण्याची गाठ शिकवली होती. तिचं टोक आतल्या आत असं लपायचं की शोधून सापडू नये. ती गाठ सुटत नसे, कापावीच लागे. आणि कापली की तशीच पुन्हा मारणारं कराडात वैजूखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

नवं होतं ते एवढंच, की नोकरीवाल्या प्रत्येकाच्या मनगटाला उष्मापट्टी आली होती. अंग घटकेघटकेला किती उष्णता बाहेर टाकतं, नाडी कशी चालते, घामात काय उतरतं, हे सगळं ती मोजायची आणि माणूस दिवसाकाठी किती कॅलरी जाळतो ते सांगायची. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पट्टी दाखवली की यंत्र ज्याच्या त्याच्या गरजेपुरतं ताट पुढे सरकवायचं. विमाही त्याच आकड्यावर ठरायचा. आता आपले लोक काय कमी आहेत? एका बहाद्दरानं विम्यासाठी पट्टी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला गावभर पळवलं. तेव्हापासून पट्टी बनवणाऱ्यांनी एक सोय करून ठेवली. आकडा माणसाशी जुळेना, तर यंत्र सरळ घरी विचारायचं.

वैजूला ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात विचारलं गेलं. घरच्या पट्ट्यांचं खातं तिच्या मोबाईलवर होतं, कारण संग्रामला असल्या भानगडींचा कंटाळा. दुपारी गाळ्यात डबा उघडताना पडद्यावर लाल ठिपका उगवला.

"संग्राम पटवेकर. पुरुष, वय ४१. विसाव्याचा आकडा १२९०. पुरुषासाठी फार कमी. पट्टी दुसरी व्यक्ती, बहुधा स्त्री, वापरत आहे काय? हो / नाही."

वैजूनं ते तीनदा वाचलं. घास तोंडातच राहिला.

शेजारच्या गाळ्यात शकूमावशी बांगड्या विकायच्या. साठी उलटलेली बाई, नजर घारीची. त्यांनी मान लांब करून विचारलं, "काय गं, कुणी गेलं का?"

"कुठं काय, मावशी."

"तोंड बघ आरशात. म्हणे कुठं काय!"

वैजूनं मोबाईल पालथा घातला. हो पण दाबलं नाही, नाही पण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी गाळा तासभर बंद ठेवून ती पट्टीच्या सेवा केंद्रात गेली. तिथं मुग्धा नावाची एक चुणचुणीत मुलगी बसली होती. तिनं आकडे उघडून बघितले.

"यंत्र बिघडलंय का, तेवढं सांग," वैजू म्हणाली.

"यंत्र ठणठणीत आहे. काकू, ट्रॅक्टर आणि स्कूटर, दोन्ही जागेवर नुसते चालू ठेवले तर इंधन कुणाला जास्त लागेल?"

"ट्रॅक्टरला."

"तसंच हे. माणूस नुसता पडून राहिला तरी हृदय, मेंदू, लिव्हर सगळं चालूच असतं. दिवसाच्या कॅलरींतला निम्म्याहून जास्त भाग त्यातच जातो. पुरुषाचं अंग साधारण थोराड असतं, स्नायू जास्त. स्नायू बसल्या जागीही खातात. बायकांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त. निसर्गानंच तशी तजवीज केलीय, बाळंतपणासाठी. आणि चरबी बिचारी फारसं काही मागत नाही. म्हणून बाप्याला विसाव्यात सतराशे लागतात तिथं बाईला तेराशे पुरतात. आता हे सरासरीचं झालं हं. दगड फोडणारी बाई कारकून बाप्याच्या दुप्पट जाळेल. पण ते कामाचं. विसाव्याचा आकडा एवढा बदलत नाही."

"आमच्यांचा आधी किती होता?"

"गेल्या दिवाळीत सतराशे चाळीस. तिथून घसरत घसरत इथे."

"आजारी असतील तर?"

मुग्धानं विचार केला. "आजारी माणूस वाळतो, काकू. तुमचे मालक वाळलेत का?"

"छे! फुगलेत."

"मग?" एवढंच म्हणून मुग्धानं मान खाली घातली. पुढचं बोलायला तिला संकोच वाटला असावा. तरी जाता जाता तिनं आपलं हुशारीनं सांगितलं, "आकड्यावरून वाटतंय, पाच फूट उंची, पन्नासेक किलो वजन, तिशीच्या आसपास."

झालं! आता बाईला उंची आली, वजन आलं, वयही आलं. फक्त तोंड तेवढं यायचं राहिलं.

त्या दिवसापासून वैजूनं नवऱ्याकडे नीट बघायला सुरुवात केली. नीट म्हणजे कसं, तर पोलीस बघतो तसं. आणि बघावं तिथं पाणी मुरत होतं. हा गडी तरुणपणी तालमीत घुमलेला. ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या गोदामात आता बसून काम होतं, यंत्रं माल हलवायची आणि हा पडद्यावर लक्ष ठेवायचा. तरी घरी आला की चार भाकऱ्या उडवायचा. तोच आता दीड भाकरीवर ताट सारत होता. बरं, कमी जेवूनही वजन वाढतंय, तोंड गोल होतंय, डोळ्यांखाली सूज. म्हणजे बाहेर कुणीतरी मायेनं खाऊ घालतंय! घरी आला की पट्टी काढून चार्जिंगला लावायचा आणि खाटेवर आडवा. बोलता बोलता घोरायला लागायचा. वैजूनं जवळ सरकून बघितलं तर "दमलोय गं" म्हणून पाठ फिरवायचा. सोळा वर्षांच्या संसारात त्यानं असं कधी केलं नव्हतं. आवाजही बदललेला, घोगरा. विचारलं तर म्हणे, घसा धरलाय. चार चार महिने कुणाचा घसा धरतो?

होळीला तिनं पुरणपोळ्या केल्या. दर वर्षी हा पाच खायचा आणि सहावीसाठी तिच्याशी भांडायचा. या वर्षी एकच खाल्ली, तीही तिच्या धाकानं.

"गोड नाही झाली का?" तिनं विचारलं.

"झालीय की. भूक नाही."

"भूक नाही, का भागवून आलाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

दुसऱ्या दिवशी गाळ्यात तिनं शकूमावशीला सगळं सांगून टाकलं. मावशींनी बांगड्यांचा डबा बाजूला ठेवला आणि सुस्कारा सोडला. "बाई गं, बाप्याचं पोट बाहेर भरलं की घरची आमटी बेचव होते. माझ्या धाकट्या दिराचं असंच झालं होतं. कमी जेवायचा आणि जाड व्हायचा."

वैजूचं डोकं सणकलं. तिनं मोबाईल काढला. लाल ठिपका पंधरा दिवस तिथं ठाण मांडून बसलाच होता. "दुसरी व्यक्ती, बहुधा स्त्री, वापरत आहे काय?" तिनं "हो" वर बोट दाबलं. असं दाबलं की नख पांढरं पडलं. कळू दे कंपनीला, होऊ दे चौकशी, येऊ दे बाहेर एकदाचं!

ठिपका हिरवा झाला. "धन्यवाद. दुरुस्ती झाली. आकडा योग्य आहे." आणि यंत्र गप्प बसलं.

ती वाट बघत राहिली. संग्राम आज येऊन बोलेल, उद्या आरडाओरडा करेल, कंपनीचा कागद येईल. कसचं काय! तो अक्षर बोलला नाही. आला, मान खाली घालून जेवला, झोपला. वैजूनं त्यातून काढायचा तो अर्थ काढला. चोर असल्याशिवाय कुणी एवढं गप्प बसतं का?

उलट नवंच सुरू झालं. रोज सातला घरी येणारा माणूस आता आठ वाजवायचा. आणि येताना केस ओले.

"आंघोळ करून आलात?"

"गोदामात धूळ होती."

"यंत्रं काम करतात ना तुमच्या गोदामात? धूळ यंत्रांना लागली का तुम्हाला?"

"वैजे, डोकं नको खाऊस," एवढंच म्हणून तो खाटेवर बसला. अंगावर स्वेटर. मे महिना, कराडात डांबर वितळत होतं, आणि हा बाबा स्वेटर घालून! काहीतरी लपवायचं असल्याशिवाय कोण घालेल? तो झोपल्यावर तिनं स्वेटर हुंगला, खिसे चाचपले. पँटच्या दुमडीत तांबडी माती सापडली. गोदामाला फरशी होती. ही तांबडी माती कुणाच्या अंगणातली?

वैजूला मग छंदच जडला. रस्त्यानं जाणारी बाई दिसली की ती मनात तिचं माप काढायची. ही साडेपाच फूट, हिला जास्त लागतील. ही लठ्ठ, ही नाही. ही पाच फूट, सडपातळ, तिशीतली, ही असू शकेल! गाळ्यात मंगळसूत्र ओवायला आलेल्या एका नव्या नवरीला तिनं विचारलं, "वजन किती गं तुझं?" पोरगी बिचारी गोंधळून म्हणाली, "पन्नास." वैजूनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुन्हा त्या गाळ्याचं तोंड बघितलं नाही. हातातलं कामही बिघडायला लागलं. एका वाटीच्या दोन बाजूंना काळे मणी कमीजास्त झाले. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि वैजूला आपलीच भीती वाटली. असं कुजत मरण्यापेक्षा एकदा सोक्षमोक्ष लावलेला बरा.

आणि तिला तिचा धंदाच आठवला.

शनिवारी सकाळी संग्राम निघताना ती म्हणाली, "पट्टीचं बक्कल ढिलं झालंय. कुठंतरी पडेल. थांबा, दोऱ्यानं बांधून देते."

त्यानं निमूट हात पुढे केला. लहान मुलासारखा. वैजूनं काळा रेशमी दोरा घेतला, बक्कलावरून चार वेढे दिले आणि वडिलांची गाठ मारली. टोक आत गडप. मनगट पूर्वीपेक्षा भरलेलं होतं, कातडी रखरखीत. खाऊन खाऊन माजलंय, ती मनात म्हणाली.

"संध्याकाळी मीच कापून काढीन," ती मोठ्यानं म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

आता ती बाई पट्टी घालायची तर गाठ कापावी लागणार. कापली की तशी पुन्हा मारणारा हात त्या बाईला कुठून मिळणार? दुपारी दोन वाजता, संग्रामच्या जेवणाच्या सुट्टीनंतर, वैजूनं मोबाईल उघडला. विसाव्याचा आकडा १२६४. म्हणजे दुपारी ती आली होती. सापडली! वैजूला चक्क बरं वाटलं. संशय वाईटच, पण खरा ठरणार म्हटलं की माणसाला त्यातही एक गोडी लागते.

आठला संग्राम आला. केस ओले, पाय ओढत. खाटेवर बसला.

"दाखवा हात."

त्यानं हात पुढे केला. वैजूनं दिवा जवळ ओढला, चष्मा लावला. वेढे चार. गाठ तीच. टोक आत, जिथं तिनं लपवलं होतं तिथंच. एक धागासुद्धा हललेला नव्हता. पट्टी दिवसभर या मनगटावरून उतरलीच नव्हती.

बाई नव्हती. बाई नव्हतीच!

वैजूला एकदम हसू फुटलं. तीन महिन्यांचं ओझं खांद्यावरून धप्पकन खाली पडलं. काय मूर्ख मी, काय येडी मी! "अहो," ती म्हणाली, "वरण फोडणीचं करू का? तुम्हाला आवडतं तसं, लसूण घालून."

तो बसल्या बसल्या डुलकी घेत होता. वैजूनं हसतच त्याचा हात उचलून मांडीवर ठेवला. हात माठासारखा गार होता. मे महिन्यात, स्वेटरखालचा हात, आणि गार.

तेव्हा तो विचार तिच्या डोक्यात आला. बाई नव्हती, तर मग तेराशे कुणाचे?

"अहो," तिनं हाक मारली. मग हलवलं. मग ओरडली. "अहो, डोळे उघडा!" त्यानं पापण्या अर्धवट वर केल्या, जड जिभेनं काहीतरी पुटपुटला आणि मान टाकली.

शकूमावशीच्या मुलाची रिक्षा होती म्हणून दवाखान्यात वेळेत पोचले. डॉक्टर इनामदारबाईंनी नाडी मोजली, बेचाळीस. अंगाचं तापमान काट्याच्या तळाशी. गळा चाचपला, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, रक्त पाठवलं. मग भराभर सुया टोचल्या, घोंगड्या आल्या. दोन दिवस वैजू बाकावर बसून होती. शकूमावशींनी आठवण केली तरच पाणी प्यायची. देवाला ती काही मागत नव्हती. कुठल्या तोंडानं मागणार?

तिसऱ्या दिवशी संग्राम उशीला टेकून बसला. डॉक्टरबाई खाटेशी उभ्या होत्या.

"थायरॉईड," त्या म्हणाल्या. "गळ्यातली ही एवढीशी ग्रंथी. शरीराच्या शेगडीची कळ समजा. ती कळ बंद होत आली की सगळंच मंदावतं. भूक मरते, तरी अंगावर सूज चढते, वजन वाढतं. थंडी वाजते, आवाज घोगरा होतो, झोप आवरत नाही, कशात रस वाटत नाही. सतराशेचा माणूस तेराशेवर येतो. रोज सकाळी एक गोळी घेतली की माणूस ठीक होतो. दिवाळीनंतर आला असतात तर एवढ्यावर भागलं असतं."

"थायरॉईड?" संग्राम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तो तर बायकांचा आजार ना?"

"बायकांना जास्त होतो. पुरुषांना होत नाही असं कोण म्हणालं तुम्हाला? आणि या अवस्थेत काही अंगमेहनत करत होतात का? हृदयावर फार ताण दिसतोय."

संग्राम भिंतीकडे बघायला लागला. वैजूकडे न बघताच बोलला. "होळीनंतर कॅन्टीनचं यंत्र मला बायकांचं ताट द्यायला लागलं. दोन चपात्या, वाटीभर भात. माझ्या मागं रांगेत गोदामातली सगळी पोरं उभी. म्हणाले, काय वहिनी, आज काय बेत? रोज म्हणायचे. एकदा अर्ज लिहिला, पण द्यायला लाज वाटली. काय लिहू, मी बाई नाही म्हणून? मग वाटलं, अंगातली ताकद गेलीय म्हणून यंत्र असं करतंय. तालमीत जायला लागलो. पाच पाच मिनिटांनी दम लागायचा. जोर काढायचो, तिथंच आंघोळ करून घरी यायचो. आकडा काही वर येईना."

तांबडी माती. ओले केस. वैजूनं तोंडाला पदर लावला.

डॉक्टरबाईंनी त्याचा हात उचलून पट्टीवरचे मागचे आकडे बघितले. काळा दोरा अजून तसाच होता. "मला एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "एवढा खाली आलेला आकडा ही पट्टी गप्प कशी सोडते? बाराशे चौसष्टला तिनं बोंब ठोकायला हवी होती. कुणी बघितलं नाही का?"

"यंत्रच बिघडलंय हो," संग्राम म्हणाला. "मला बाई समजत होतं. बाईला तेवढा आकडा चालतो."

वैजू गप्प बसू शकली असती. यंत्राला ना तोंड ना लाज, ते काही सांगणार नव्हतं. पण तिच्यानं राहवलं नाही.

"बघितलं होतं," ती म्हणाली. "मी रोज बघत होते."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"यंत्र बिघडलेलं नाही. त्यानं मला मार्चमध्ये विचारलं होतं, की पट्टी कुणी बाई वापरते का. मी 'हो' दाबलं. तुमच्या मनगटावर कुणाची तरी पट्टी... तुमची पट्टी कुणाच्या तरी मनगटावर आहे असं वाटलं मला. ते ताट मी दिलं तुम्हाला. यंत्राला गप्प मी बसवलं."

डॉक्टरबाई दुसऱ्या रुग्णाकडे वळल्या. शहाणी बाई. संग्राम मनगटावरचा दोरा बोटानं चाचपत राहिला. वैजूला वाटलं, आता हा शिवी देईल, आणि दिली तर बरं होईल.

"कोण होती?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"जिच्यावर तुझा संशय होता ती."

"नाव नव्हतं तिला," वैजू म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "पाच फूट उंची, पन्नास किलो, आणि तेराशे कॅलरी. एवढीच होती ती."

संग्रामच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. हसला की काय झालं, तिला कळलं नाही. "रोज शेजारी मी झोपत होतो," तो म्हणाला, "आणि तू तिलाच बघत होतीस."

मग त्यानं हात पुढे केला. "काढ हे."

कात्री तिच्या पिशवीत असायचीच. गाठ कापताना तिचा हात हलला नाही, तेवढा एक धंद्याचा गुण. पट्टी गोधडीवर पडली, पडद्यावर १३१० असा आकडा क्षणभर लुकलुकला आणि विझला. वैजूनं तिकडे बघितलं नाही. तिनं त्याचं उघडं मनगट दोन्ही हातांत धरलं. अजून गारच होतं. त्यानं हात मागे घेतला नाही, पण तोंडही तिच्याकडे वळवलं नाही, आणि ती तशीच धरून बसली.